वरचा डावा सहावा

आमच्या सरांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये दात असायचे. खरे नाही, प्लास्टरचे. कवळी किंवा कॅप बसवायच्या आधी पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि त्यात पांढरं प्लास्टर ओतून हुबेहूब जबडा तयार करतात. काम झालं की तो फेकून द्यायचा. सर फेकत नसत. इतक्या वर्षांचे शेकडो जबडे त्यांनी मागच्या खोलीत पोत्यांत भरून ठेवले होते. रोज सकाळी त्यातले पंधरा-सोळा किलो सॅकमध्ये घालून ते नागपुरातल्या सदर भागात आमच्या दवाखान्याच्या बिल्डिंगचे तीन मजले चढायचे आणि उतरायचे. चाळीस वेळा. उमरेडच्या एसटीनं येऊन मी नऊच्या सुमारास जिन्याशी पोचायचे, तेव्हा त्यांची सदतिसावी-अडतिसावी फेरी चाललेली असायची.

"आज कोण आहे पाठीवर, सर?"

"रेल्वेवाले," ते धापा टाकत सांगायचे. "आन् दोन वकील. वकिलाचा जबडा वजनदार असते बरं."

मी त्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं होते. फोन घेणं, अपॉइंटमेंट लिहिणं, हत्यारं मशीनमध्ये निर्जंतुक करणं, आणि सर दातावर काम करत असताना शेजारी उभं राहून लाळ ओढायची नळी धरणं, ही माझी कामं. नोकरीला लागले तेव्हा ते फक्त दातांचे डॉक्टर होते. बुटके, चष्म्याचे, डोक्यावर केस कमी आणि पोट थोडं पुढे. रामटेकच्या पायऱ्यांपलीकडे आयुष्यात काही चढले नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की जगातल्या सातही खंडांवरचं सगळ्यात उंच शिखर ते चढणार. जाहीर केलं म्हणजे एका बाईंची दाढ भरता भरता बोलले. बाईंचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्यांना काही म्हणता आलं नाही. मी होते, पण मला वाटलं गंमत करताहेत.

एकदा जिन्यातच सॅकची शिवण उसवली. सर तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी होते. आधी एक जबडा पडला, मग सगळेच. धडधडत, टप्पे खात तळमजल्यापर्यंत दात पसरले. दुसऱ्या मजल्यावरच्या विमा कंपनीतली माणसं बाहेर आली. पहिल्यांदाच दाखवायला आलेल्या एक बाई मुलाचा हात धरून वर येत होत्या. त्यांच्या पायाशी एक अख्खी बत्तिशी येऊन थांबली. त्या तशाच मागे फिरल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. मी आणि विम्याचा शिपाई टोपलीत दात वेचत होतो, आणि सर वरून ओरडत होते, "सांभाळून वं! गुरुजीचा जबडा पाहा, त्याले चीर जायले नको!"

दवाखान्यात त्यांनी डोंगराची भाषा आणली. रूट कॅनाल तीन-चार खेपांत होतं. सर पहिल्या खेपेला म्हणायचे, "आज फक्त बेस कॅम्प. घाई कोणाले आहे?" दुसऱ्या खेपेला कॅम्प एक, मग कॅम्प दोन. कॅप बसली की शिखर. ज्या दिवशी शिखर, त्या दिवशी ते पेशंटशी हात न मिळवता दोन्ही हात वर करून उभे राहायचे आणि पेशंटलाही करायला लावायचे. हळूहळू लोकांना सवय झाली. मला फोन यायचे, "मॅडम, माझा कॅम्प दोन कधी आहे? मंगळवारी जमते का?"

हात न मिळवण्याचं कारण होतं. सरांना आपल्या हातांचं फार कौतुक होतं. बोटं लांब, निमुळती, त्या ठेंगण्या शरीराला न शोभणारी. झोपताना त्यांना खोबरेल तेल लावायचे. कोणी जोरात हात दाबला तर म्हणून सगळ्यांना नमस्कार करायचे. घरी कांदा चिरायचे नाहीत, आंबा कापायचे नाहीत, खिळा ठोकायचे नाहीत. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवायच्या, आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, "लग्नाले बावीस वर्षं झाली. आमच्याकडे नारळ मीच फोडते. साहेबांचे हात ठेवणीतले आहेत ना!"

"सात शिखरं काहून, सर?" मी कितीदा विचारलं असेल. दर वेळी वेगळं उत्तर. पोट कमी करायला. मॅडमपासून दूर जायला. नागपूर सपाट आहे म्हणून. खरं उत्तर एकदाच मिळालं, एका दुपारी पेशंट आला नाही तेव्हा. खिडकीशी उभे राहून चहा पीत होते.

"हे पाहा, पंचवीस वर्षं झाली. दिवसभर मी काय पाहतो? दोन इंचाचं भोक. त्यात लाइट मारतो, आरसा घालतो, आन् पाहत बसतो. संध्याकाळी बाहेर निघालो का समोरची बिल्डिंग. डोळे लांब न्यायले कुठं जागा तर पाहिजे ना."

मग लगेच हसले. "आन् आपण समुद्रापासून तीनशे मीटर उंच आहो. तीनशे मीटर नागपूरकराले फुकट आहेत. मुंबईवाल्याले शून्यापासून चढा लागते."

पैशांसाठी त्यांनी मनीषनगरचा प्लॉट विकला. कोणी विचारलं तर मॅडम सांगायच्या, "आमचा प्लॉट आता आफ्रिकेत आहे." आणि खरंच, पहिलं शिखर आफ्रिकेतलं किलिमांजारो झालं. तिथून आलेल्या फोटोत सर एका हातात तिरंगा आणि एका हातात छोटा पंचशील ध्वज धरून उभे होते, आणि त्यांचा चष्मा इतका धुकटला होता की डोळे दिसतच नव्हते. मी म्हटलं, "सर, तुम्ही वर जाऊन पाह्यलं काय?" म्हणाले, "काहीच नाई दिसलं. पण तिथंच होतं सगळं."

दुसरं युरोपातलं, एल्ब्रुस. तिथून एकदा वादळामुळे परत यावं लागलं, पुढल्या वर्षी जमलं. तिसरं ऑस्ट्रेलियातलं, आणि त्याची गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. ते शिखर म्हणजे एक टेकाड, वरपर्यंत चांगली पायवाट. मॅडम म्हणाल्या, या खेपेला मीही येते. सर नेहमीच्या तयारीनं, जाड बूट, दोन जर्किन, बर्फाची काठी. मॅडम पंजाबी ड्रेस आणि शाळेत घालायचे बूट.

"लेकरं चपला घालून चढून राहिली होती," सर सांगायचे. "मी आपला पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. वर पोचलो तर ही बसून संत्रं खाऊन राहिली. मले म्हणते, अहो, उशीर झाला का काही?" आणि पुढे न चुकता म्हणायचे, "तिथं आमच्या घरातून मी दुसरा आहे."

चौथ्यासाठी, दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वासाठी, त्यांनी नवी स्लीपिंग बॅग मागवली. ती थंडीत वापरून पाहायची होती, आणि महिना होता मे. नागपूरच्या मे महिन्यात थंडी कुठे शोधणार? एका पेशंटचं कळमन्याकडे कोल्ड स्टोरेज होतं. सर दुपारच्या सुटीत तिथे गेले, म्हणाले, दोन तास झोपू द्या. त्या भल्या माणसानं दार उघडून दिलं. आत मिरचीची पोती होती, छतापर्यंत. सर पोत्यांच्या मधे बॅग पसरून आत शिरले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

आता, ती बॅग होती उणे तीस डिग्रीसाठी, आणि कोल्ड स्टोरेज फ्रिजएवढं गार. दहा मिनिटांत सरांना दरदरून घाम सुटला. घामावर बसली मिरचीची पूड. चेन अडकली. चारच्या अपॉइंटमेंटला ते धावत दवाखान्यात आले तेव्हा तोंड लाल, डोळे सुजलेले, नाक वाहतंय. खुर्चीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. सरांनी त्यांचा एक्सरे उजेडाकडे धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

बाई घाबरल्या. "डॉक्टरसाहेब, एवढा खराब आहे का माझा दात?"

सर बाहीनं नाक पुसत राहिले. मी नळी हातात धरून इतकी हसले की मला बाहेर जावं लागलं.

अकोंकाग्वा झालं. चार झाली. एव्हरेस्टचं विचारलं की म्हणायचे, "ते शेवटी. घरचंच आहे ते." पाचवं ठरलं उत्तर अमेरिकेतलं, डेनाली. त्यासाठी त्यांनी वर्षभर तयारी केली. जिन्याच्या फेऱ्या साठ झाल्या, सॅकमध्ये वीस किलो जबडे. निघाले तेव्हा जिन्याखाली सगळी बिल्डिंग उभी होती.

तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. आवाज शाळेतल्यासारखाच, सपाट. "पुढल्या दोन महिन्यांच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द कर. जिवाले काही नाही. हातांचं आहे."

सर परत आले ते दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. बर्फानं बोटं गोठली होती. डाव्या हाताचं निभावलं. उजव्या हाताची काळी पडलेली बोटं कुठपर्यंत जगतात ते पाहायला डॉक्टरांनी कित्येक आठवडे थांबवलं. मग अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची पेरं काढून टाकावी लागली. आरसा आणि चिमटा ज्या बोटांत धरतात, तीच ती दोन.

दवाखाना बंद पडला नाही. सरांच्या हाताखाली शिकून डॉक्टर झालेली एक जुनी विद्यार्थिनी रोज संध्याकाळी येऊन पेशंट पाहू लागली. सर माझ्या खुर्चीत, काउंटरवर बसायचे. लोक मुद्दाम त्यांना भेटायला यायचे आणि त्यांच्या हाताकडे पाहायचं नाही म्हणून भिंतीकडे पाहत बोलायचे. सर हसून बोलायचे. पण एकदा मी आत गेले तर ते बेसिनपाशी उभे राहून उजव्या हातात आरसा धरायचा प्रयत्न करत होते. आरसा निसटला. त्यांनी उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो भिंतीवर फेकून मारला. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. मी काच गोळा करायला वाकले तर म्हणाले, "राहू दे वं. राहू दे ना." आणि तिथेच स्टुलावर बसले.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. तोवर लोकांना एवढंच माहीत होतं की वादळ झालं.

वादळ झालंच होतं. सगळ्यात वरच्या कॅम्पवर ते तीन दिवस तंबूत अडकले होते. खाली उतरता येत नव्हतं, वर कोणी येऊ शकत नव्हतं. शेजारच्या तंबूत युरोपातला कोणीतरी गिर्यारोहक होता, कपाटाएवढा माणूस. त्याच्या दाढेखाली पू झाला होता, अर्धा चेहरा सुजून डोळा बंद झाला होता. तो लहान मुलासारखा रडत होता. कोणीतरी म्हणालं, इथे एक भारतीय डॉक्टर आहे, दातांचा. सर नेहमी एक छोटी डबी जवळ ठेवायचे. आरसा, दात काढायचा चिमटा, भूल द्यायची दोन इंजेक्शनं.

"इंजेक्शनातलं औषध गोठून दगड झालं होतं. काखेत धरून बसलो, तेव्हा पातळ झालं. मग त्याचं तोंड उघडलं. जाड मोज्यात चिमटा धरता येत नाई. पातळ मोजे घातले, ते त्याच्या लाळेनं ओले झाले आन् तिथल्या तिथं कडक झाले. काढून फेकले."

"उघड्या हातानं, सर?"

"मग कसं करू? आन् दाढ काय एका झटक्यात निघते? मधातून मोडली. मुळं वेगळी वेगळी काढा लागली. दीड तास गेला. लोखंड असं थंड, का बोटाले चिकटून राहिलं."

मी विचारलं, "तुम्हाला कळलं नाही का, बोटं जाऊन राहिली म्हणून?"

त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "कळलं ना. पह्यले दुखत होती. मग दुखायची बंद झाली. तेव्हाच कळलं. एवढं तर शिकलो आहे मी. पण एक मूळ अर्धं बाहेर आलं होतं वं. अर्ध्यावर कसं सोडू?"

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख झालं. सगळे शिखराकडे निघाले. सरांना हातांना पट्ट्या बांधून खाली नेलं.

"आणि तो माणूस?"

"थो गेला वर. शिखरावर गेला." सर त्या दुपारी पहिल्यांदा हसले. "काहून नाई जाणार? त्याचा दात कुठं दुखत होता!"

"नाव काय त्याचं?"

सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. "नाव विचारायचं राह्यलं. दात लक्षात आहे. वरचा डावा सहावा होता."

त्या माणसाचं नंतर पत्र नाही की फोन नाही. त्यालाही बहुतेक सरांचं नाव माहीत नसावं. मला त्या माणसाचा राग यायचा. सरांना येत नव्हता. त्यांना राग यायचा तो शर्टाच्या बटणांचा, पेनाचा, आरशाचा.

मग एका सोमवारी ते पिशवी घेऊन आले. मी उघडून पाहिली आणि किंचाळले. आत बकऱ्याच्या दोन मुंड्या होत्या. सर डाव्या हातानं दाढा काढायला शिकणार होते. चार महिने रोज सकाळी मागच्या खोलीत हे चालायचं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत आरसा धरायचा, डाव्या हातात चिमटा. विमा कंपनीनं वासाची लेखी तक्रार केली. खाटीक ओळखीचा झाला, तो "चांगल्या दाताचा" बकरा बाजूला काढून ठेवू लागला. मॅडम एकदा येऊन पाहून गेल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरी कांदे पडले आहेत, त्याच्यावरही प्रॅक्टिस करा थोडी." आणि त्या दिवसापासून सर खरंच घरी कांदे चिरू लागले.

पुढचं थोडक्यात सांगते. सर आजही दवाखान्यात बसतात. बारीक कामं ती विद्यार्थिनी करते, दात काढणं आणि भरणं सर करतात. मी लग्नानंतर ती नोकरी सोडली, आता एका शाळेच्या ऑफिसात आहे. डेनालीला ते पुन्हा जाणार होते, पण एकदा गोठलेली बोटं पुन्हा लवकर गोठतात, म्हणून डॉक्टरांनी फिटनेसच्या कागदावर सही दिली नाही. सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "सातपैकी चार म्हणजे सत्तावन्न टक्के. मॅडमनं हिशेब केला. म्हणे, माझ्या वर्गात पास झाले असते तुम्ही." आता दोघं मिळून सातपुड्यात हिंडतात. मॅडम पुढे असतात.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. बकऱ्याच्या दाढा नीट निघायला लागल्या, चिमटा डाव्या हातात बसला, आणि तरी सर खऱ्या माणसाला हात लावेनात. पेशंट तयार असायचे, सरच काहीतरी कारण काढायचे. आज लाइट कमी आहे, उद्या पाहू. महिना गेला. मला दिसत होतं की आणखी एक महिना असाच गेला तर ते कधीच त्या खुर्चीशी उभे राहणार नाहीत.

माझी वरची अक्कलदाढ सहा महिने त्रास देत होती. मी अपॉइंटमेंटच्या वहीत सकाळी साडेनऊच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"पेशंट आहे, सर. दाढ काढायची आहे."

"संध्याकाळी ती डॉक्टर येते, तिच्याकडून काढ."

"मला संध्याकाळी उमरेडची गाडी पकडायची असते."

"हट्ट करू नको वं. तुले काही झालं म्हणजे?"

"काय होणार? दाढच निघेल ना."

मी जाऊन खुर्चीत बसले, स्वतःच गळ्याभोवती कागद बांधला आणि तोंड उघडलं. आता मला काही बोलता येणार नव्हतं, त्यांनाच काय ते ठरवायचं होतं. ते दाराशी उभे होते. मग बेसिनचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यांनी भुलीची सुई चांगली दिली. पण औषध पुरतं लागलं नाही, असं होतं कधी कधी. चिमट्यानं दाढ धरली तेव्हाच मला ते कळलं. हात वर केला असता तर ते थांबले असते, तो नियम मीच पेशंटना सांगायचे. मी हात खुर्चीच्या दांडीला घट्ट धरून ठेवला. वर दिव्यात त्यांचा चेहरा होता, घामानं ओला, ओठ आत ओढलेले. उजव्या हाताची ती आखूड बोटं माझ्या गालावर टेकली होती, आणि ती गरम होती.

"लागून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"खरं सांग."

नाही.

पाव तासानं दाढ निघाली. अख्खी, तिन्ही मुळांसकट. सरांनी ती दिव्याखाली धरून सगळीकडून पाहिली. मग तसेच हातमोजे घालून दाराकडे गेले, परत आले, माझ्या तोंडात कापूस ठेवला, पुन्हा दाराकडे गेले. बाहेरून मॅडमशी फोनवर बोलतानाचा त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "अवो, निघाली! पूर्ण निघाली! नाही नाही, बकऱ्याची नाई!"

मी कापूस दाबून धरून छताकडे पाहत पडून राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत चाललं होतं. सर आत आले, त्यांनी ते पाहिलं, आणि खिशातला रुमाल मला देऊन दुसरीकडे पाहू लागले, कारण त्यांचेही डोळे भरले होते. त्यांना वाटलं, मला आनंद झाला आहे.

झाला होताच. पण दाढ भयंकर दुखली होती, आणि ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.